पिंगळाचे रांजण

पूर्वी गोदावरीच्या काठी, अस्सक देशातल्या पोतन नगरीत सुबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका कुंभाराच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव खेमक. बोधिसत्त्व म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजपुत्र उभा राहतो, नाहीतर सोनेरी हरीण. या खेपेला त्याच्या वाट्याला चिखल आला होता, आणि त्याला त्याचे काही वाईट वाटत नव्हते.

नगराच्या वेशीबाहेर, नदीच्या उतारावर, कुंभारांची वीस-बावीस घरांची वाडी होती. चाक ज्याचे त्याचे होते, पण आवा सगळ्यांचा मिळून एकच. आवा म्हणजे कच्ची मडकी भाजायची भट्टी. तिला लागणारी लाकडे, गोवऱ्या आणि राबणारे हात एका घराला पुरे पडत नसत. म्हणून दर पंधरा दिवसांनी सारी वाडी आपापली भांडी घेऊन एका ठिकाणी जमे, ती एकावर एक रचे आणि एकाच आचेवर भाजून काढी. कोणाचे भांडे कोणते हे कळावे म्हणून प्रत्येक घर बुडावर आपली खूण उठवीत असे. खेमकाची खूण मासा होती.

आता ज्याने कधी माती हाताळली नाही त्याला एक गोष्ट सांगितली पाहिजे. मडके वरून कितीही कोरडे दिसो, आत ओल राहिली असेल तर आच लागताच ते फुटते. आणि एकटे फुटत नाही, शेजारची चार घेऊन जाते. म्हणून आव्यात रचण्याआधी कुंभार प्रत्येक मडके गालाला लावून बघे. गार लागले तर आत अजून पाणी आहे, त्याला परत उन्हात ठेवायचे. कुंभाराची बोटे चिखलात काम करून राठ होतात, डोळेही फसतात. गालाला मात्र बरोबर कळते.

याविषयी वाडीत एक नियम होता. ज्याचे मडके त्याचाच गाल. दुसऱ्याच्या मडक्याला गाल लावणे म्हणजे त्याला तोंडावर सांगणे, की बाबा, तुला तुझे काम येत नाही. कोणा आजोबाने कोणा आजोबाच्या घागरीला असा गाल लावला, म्हणून दोन घरांत तीन पिढ्या बोलणे बंद होते. दुसरा नियम याहून कडक होता. एकाच घराचे भांडे लागोपाठ तीन आव्यांत फुटले, तर त्या घराला आवा बंद. आवा बंद झालेल्या कुंभाराने वाडीत राहून करायचे तरी काय? तो आपले चाक उचलून निघून जाई, आणि तो कुठे गेला हे पुन्हा कोणी विचारीत नसे.

या वाडीत पिंगळ नावाचा एक म्हातारा कुंभार राहत होता. बायको वारलेली, मूलबाळ नव्हते. तो धान्याचे मोठे रांजण करी. कमरेएवढ्या उंचीचे, जाड बुडाचे रांजण घडवावेत तर पिंगळानेच, असे एकेकाळी सारे म्हणत. पण गेल्या वर्षभरात म्हातारा बिघडला होता. कोणी काही विचारले की खेकसायचा. उन्हातही अंगावर घोंगडे घ्यायचा आणि दोन्ही हात त्या घोंगड्यात ठेवायचा. आवा रचताना सारी वाडी घामाघूम व्हायची आणि हा बाजूला उभा. लोकांनी त्याला नाव ठेवले होते, ‘राजेसाहेब’. ते त्याच्या कानावर जाईल इतक्या मोठ्याने म्हणायलाही ते कमी करीत नसत.

त्या वर्षी पाऊस संपला तरी आभाळ मोकळे होईना. अशा हवेत उघडलेल्या आव्याची मधली सगळी रचना खचलेली निघाली. राख बाजूला सारली तेव्हा खापरांच्या ढिगात एक जाड बूड सापडले. त्यावर पिंपळाच्या पानाची खूण होती. ती पिंगळाची. त्याचा रांजण फुटण्याची ही लागोपाठ तिसरी वेळ होती.

या वेळी सर्वांत जास्त नुकसान उत्पलेचे झाले. उत्पला वाडीतली तरुण कुंभारीण. नवरा तांड्याबरोबर दूर देशी मडकी विकायला गेलेला, कडेवर आठ महिन्यांची लेक, अशा स्थितीत तिने नगरातल्या पाणपोईसाठी चाळीस घट घडवले होते. त्यांतले निम्म्याहून अधिक फुटले. खेमकाच्याही बऱ्याच घागरी गेल्या. बोधिसत्त्व झाला म्हणून काय झाले, तोही कुंभारच होता. ती खापरे बघून ‘या म्हाताऱ्याला झाले आहे तरी काय’ असे चिडून त्याच्याही मनात आलेच.

खेमक त्या आव्याचा मुख्य होता. निवाडा त्यानेच करायचा होता.

पिंगळ तिथेच उभा होता, घोंगड्यात हात घालून. तो एवढेच म्हणाला, “माती वाईट होती.”

मग काय, सगळ्यांचीच तोंडे सुटली. एकाने सांगितले, “माझा बाप गेला तेव्हा याने तिरडीला हातसुद्धा लावला नाही.” दुसऱ्याने सांगितले, की वाटेत घागर निसटून पडली तर हा बघत राहिला, धरली नाही. उत्पला पुढे आली. 

“बारशाच्या दिवशी मी माझी लेक याच्यापुढे धरली. वाडीतला सर्वांत थोरला म्हणून. पहिल्यांदा तुम्ही घ्या म्हटलं. तर हा काय म्हणाला? ‘घेऊन जा ते.’ ‘ते’ म्हणाला माझ्या लेकीला! माणूस आहे की दगड? खेमककाका, नियम आहे ना? मग सांगा की त्याला चाक उचलायला.”

खेमकाने पिंगळाच्या रांजणाचे बूड हातात घेतले होते. ते तो उलटसुलट करून बघत होता. फुटलेल्या कडेला मधोमध माती काळपट राहिली होती.

“मडकं फुटलं की आपण त्याला शिव्या देत नाही,” तो म्हणाला. “खापर उचलतो आणि ओल कुठे राहिली ते बघतो. माणसाच्या बाबतीत एवढी घाई कशाला?”

“मडक्याला जीभ नसते, काका,” उत्पला म्हणाली. “याला आहे. आणि ती कशी आहे ते सगळ्या वाडीला ठाऊक आहे.”

लोक हसले. खेमकही हसला, कारण ती म्हणत होती ते खरे होते. मग तो म्हणाला, “पुढच्या आव्यापर्यंत मला वेळ द्या. निवाडा त्या दिवशी सांगतो.” लोकांना हे आवडले नाही. पण तोवर खेमकाने कोणाचे वाईट केले नव्हते, म्हणून ते कुरकुरत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खेमक पिंगळाच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

“पिंगळदादा, माती मळायला आलोय.”

“हेरगिरी करायला आलायस,” पिंगळ म्हणाला. “जा, सांग जा त्यांना, म्हातारा घरात बसून माती खातो म्हणून.”

खेमकाने धोतर खोचले आणि तो मातीच्या ढिगात उतरून पायांनी ती तुडवू लागला. दुपारपर्यंत त्याने माती मळली आणि तो घरी गेला. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. चौथ्या दिवशी पिंगळाने दार लावून घेतले, तर त्याने अंगणातला वाळलेला पाला झाडून काढला. पिंगळाने त्याला जे जे ऐकवले ते इथे लिहिण्यासारखे नाही. खेमक ऐकून घेई. माणूस भुंकतो तेव्हा त्याला बहुधा काहीतरी राखायचे असते, एवढे त्याला कळत होते. काय राखायचे आहे ते कळत नव्हते, आणि ते त्याने विचारलेही नाही.

सहाव्या दिवशी पिंगळ चुलीवर पेज शिजवत होता. खेमक अंगणात रांजणाची कड चोपत बसला होता. पिंगळ घरातूनच त्याला बोलत होता, की अशी कड म्हणजे कडच नव्हे, तुझ्या बापालाही ती कधी जमली नाही. बोलता बोलता त्याने चुलीवरचे मडके उतरवले आणि ते दोन्ही हातांत धरून तो दारात आला. मडक्यातली पेज अजून खदखदत होती. पिंगळाच्या हातात फडके नव्हते. तो तसाच उभा राहून कडेविषयी बोलत राहिला, आणि खेमकाला चामडी जळल्याचा वास आला.

खेमक उठला. त्याने खांद्यावरचे उपरणे काढून त्यात ते मडके घेतले आणि खाली ठेवले. मग त्याने पिंगळाचे हात आपल्या हातात धरले. बोटांची टोके नव्या-जुन्या भाजल्याच्या डागांनी भरलेली होती. काही ठिकाणी फोड येऊन फुटले होते.

पिंगळाने हात ओढून घेण्याचा प्रयत्न केला. मग तो उंबऱ्यावर बसला.

“कधीपासून?” खेमकाने विचारले.

“वर्ष झालं,” पिंगळ म्हणाला. त्याचा आवाज एकदम म्हाताऱ्याचा झाला होता. “आधी बोटं गेली. मग गाल. रांजण गालाला लावतो आणि मला काहीसुद्धा कळत नाही. गार नाही, कोरडं नाही, काहीच नाही. अंदाजाने रचायला देतो. मी चाळीस वर्षं रांजण केले रे, खेमक. आणि आता अंदाजाने रचायला देतो.”

“सांगितलं का नाहीस?”

“काय सांगू? अंग बधिर झालं म्हणून? लोक दुसऱ्याच दिवशी महारोग म्हणतील आणि मला नदीपलीकडे नेऊन सोडतील. आवा बंद झाला तर निदान कुंभार म्हणून जाईन. तसं गेलो तर काय म्हणून जाऊ?”

खेमक त्याच्याजवळ उंबऱ्यावर बसला. पेजेवर साय धरू लागली होती.

“आणि उत्पलेची लेक?” थोड्या वेळाने त्याने विचारले.

पिंगळाने आपल्या हातांकडे बघितले. मग म्हणाला, “माझ्या हातात काय आहे ते मला कळत नाही. मी नुसता बघून धरतो. जरा नजर हलली की सुटतं. रांजण सुटला तर खापर होतं. पोर सुटलं असतं तर?” त्याने भाजलेल्या हाताच्या मनगटाने डोळे पुसले. “एवढंसं पोर. झोपेतच हसत होतं. मी म्हटलं, घेऊन जा ते.”

हे ऐकून खेमकाला फार वाईट वाटले. पिंगळासाठी वाटले, आणि स्वतःसाठीही वाटले, कारण पाच दिवसांपूर्वी याच माणसावर तोही चिडला होता.

“मी कोणाला सांगणार नाही,” तो म्हणाला. “सांगायचं की नाही ते तू ठरव. पण या खेपेला तुझे रांजण माझ्या गालाला लागू देत.”

पिंगळाने मान वर केली. दुसऱ्याचा गाल! कुंभाराला याहून मोठा अपमान नव्हता. क्षणभर वाटले, म्हातारा पुन्हा खेकसतो की काय. पण तो हळूच म्हणाला, “माझे रांजण खरखरीत असतात. गाल सोलून निघेल तुझा.”

“निघू दे,” खेमक म्हणाला.

त्या संध्याकाळी त्याने वाडीला बोलावून सांगितले, “पुढच्या आव्यात पिंगळदादाचे रांजण रचले जातील. त्यातला एक जरी फुटला, तर त्याच्याबरोबर माझ्याही घराला आवा बंद.”

“का पण?” उत्पलेने विचारले. “असं त्याने काय सांगितलं तुम्हाला?”

“ते मी सांगायचं नाही,” खेमक म्हणाला. “तू तुझ्या मनातलं मला सांगितलं असतंस, तर तेही मी दुसऱ्याला सांगितलं नसतं.”

उत्पलेचा राग गेला नाही. तिला पुन्हा नव्याने घट घडवायचे होते. रागावून भागत नव्हते, म्हणून ती चाकाशी जाऊन बसली.

मग रोज खेमक पिंगळाच्या अंगणात जाई. आभाळ भरलेले असे. तो रांजण उन्हाच्या तिरिपेला सरकवी, फिरवी, आणि त्यांना आतून, बाहेरून, बुडाशी गाल लावी. बुडे जाड असल्यामुळे ती लवकर वाळत नसत, म्हणून दिवसातून चारदा लावी. खेमकाच्या गालाची कातडी आधी लाल झाली, मग सोलवटली. नदीवर पाणी भरायला येणाऱ्या बायकांना तो सोललेला गाल दिसत होता. खेमकाची बायको महिनाभर माहेरी गेली होती, त्यामुळे त्याच्या थोबाडीत दिली कोणी, यावर तिथे पुष्कळ चर्चा झाली. वाडीच्या मुख्याला काहीतरी नाद लागला आहे, इथपर्यंत ती गेली. खेमकाच्या कानावर हे आले तेव्हा तो म्हणाला, बरे झाले, पिंगळदादाला जरा विसावा मिळाला.

आवा लावण्याच्या दिवशी सकाळी खेमकाने स्वतःच्या घागरी आणल्या. नियमाप्रमाणे एकेक गालाला लावली. त्याचा गाल आगीसारखा चुरचुरत होता. प्रत्येक घागर त्याला सारखीच लागली. सगळ्या वाळल्या असतील असे समजून त्याने त्या रचल्या.

आवा पेटला. दिवसभर जळला आणि पुढे दोन दिवस निवत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी सारी वाडी गोळा झाली. उत्पला लेकीला कडेवर घेऊन पुढेच उभी होती. पिंगळ मागे होता, घोंगड्यात हात घालून.  राख सारली, वर झाकलेली जुनी खापरे काढली, आणि पिंगळाचा पहिला रांजण बाहेर आला. तांबूस, अखंड. मग दुसरा, मग बाकीचे. एकालाही तडा नव्हता. लोक एकमेकांकडे बघू लागले.

तेवढ्यात कोणीतरी ओरडले, “इथं फुटलंय!”

डाव्या अंगाला पाच-सहा घटांची खापरे पडली होती. घट पुन्हा उत्पलेचेच होते. त्यांच्या मधोमध फुटलेली घागर पडली होती, तिचे बूड उत्पलेने उचलले. त्यावर मासा होता.

खेमक पुढे आला, त्याने ते बूड हातात घेतले, फुटलेली कड बघितली आणि म्हणाला, “ओल राहिली. चूक माझी आहे.” मागच्या बाजूला कोणीतरी फिसकन हसले. “दुसऱ्याची ओल शोधत होता,” तो हसणारा म्हणाला, “स्वतःची दिसली नाही!” आणखी दोघे-चौघे हसले. एकाने विचारले, “ज्याला आपली घागर कळत नाही, तो आमचा मुख्य कसा?” दुसऱ्याने गालाविषयी काहीतरी म्हटले, तेही इथे लिहिण्यासारखे नाही.

“गप्प बसा!”

हा आवाज पिंगळाचा होता. तो लोकांना बाजूला सारत पुढे आला आणि त्याने घोंगडे अंगावरून खाली टाकले. वर्षभरात पहिल्यांदाच वाडीने त्याचे हात पाहिले.

“बघा,” तो म्हणाला. “बघून घ्या नीट. या हातांना काही कळत नाही. या गालांनाही कळत नाही. माझे रांजण या माणसाने गालाला लावले, दिवसातून चारदा. त्याचा गाल सोलला तो माझ्या मातीने. आपल्या घागरींसाठी त्याच्याकडे गालच उरला नव्हता. तुमचे घट मी फोडलेत, आधीचेही आणि आजचेही. मला काढायचं तर काढा. त्याला हसू नका.”

एकाच्या तोंडून निघाले, “महारोग!” आणि पुढे उभी असलेली माणसे दोन पावले मागे सरली. पिंगळाला हे होणार हे ठाऊक होते. तो तसाच हात पुढे धरून उभा राहिला. खेमक त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला. त्याला बोलायचे होते ते पंधरा दिवसांपूर्वीच बोलून झाले होते.

उत्पला मागे सरली नव्हती. ती पिंगळाच्या हातांकडे बघत होती.

“बारशाच्या दिवशी,” ती म्हणाली, “हात असेच होते?”

“डाग कमी होते,” पिंगळ म्हणाला. “कळत तेव्हाही नव्हतं. सुटली असती, पोरी, माझ्या हातून सुटली असती ती.”

उत्पलेच्या डोळ्यांना धारा लागल्या. “मी तुम्हाला काय काय बोलले,” ती म्हणाली.

“ऐकलंय सगळं,” पिंगळ म्हणाला. “कान शाबूत आहेत माझे.”

उत्पला रडता रडता हसली. मग तिने त्याला दंडाला धरून तिथल्याच एका ओंडक्यावर बसवले. लेक त्याच्या मांडीवर ठेवली. त्याचे हात घेऊन लेकीभोवती ठेवले आणि त्यांच्याखाली स्वतःचे हात धरले. म्हणाली, “आता घ्या. मी धरलंय खालून.” लेकीला यातले काय कळणार! तिने म्हाताऱ्याची दाढी पकडली, आपले तोंड त्याच्या गालाला घासले आणि ती खिदळली. पिंगळाच्या गालाला काही कळत नव्हते. तरी तो म्हातारा तिथे सगळ्यांच्या देखत लहान मुलासारखा रडला, आणि मागे सरलेली माणसे एकेक करून परत पुढे आली.

खेमक उत्पलेला म्हणाला, “तुझे घट मी घडवून देतो.”

“घडवा,” ती डोळे पुसत म्हणाली. “पण यापुढे तुमची घागर माझ्या गालाला लागल्याशिवाय आव्यात जायची नाही.”

हा नियमभंग होता. सगळे खेमकाकडे बघू लागले, आता हा रागावणार म्हणून. खेमकाने सोलवटलेल्या गालावर हात ठेवला. तो म्हणाला, “मग तुझे घट कोण बघणार?” त्यावर ज्याच्या बापाच्या तिरडीला पिंगळाने हात लावला नव्हता तो माणूस घसा खाकरून म्हणाला, “मी बघतो.” आणि मग ‘माझी कोण बघणार’, ‘माझी कोण बघणार’ असा तिथे एकच कालवा झाला.

पुढे नगरातून वैद्य आला. त्याने तेले दिली, लेप दिले. पिंगळाच्या हातांचे फोड भरून आले, पण बोटांची जाण परत आली नाही. तो रोग कोणता होता ते वैद्यालाही सांगता आले नाही, आणि वाडीत दुसऱ्या कोणाला तो झाला नाही. पिंगळ आणखी सात वर्षे त्या वाडीत जगला. रांजण घडवत राहिला आणि खेकसतही राहिला, कारण काही खोडी दुखण्याच्या नसतात, मुळातल्याच असतात. त्याचे रांजण रोज कोणी ना कोणी येऊन गालाला लावून जाई. आणि तेव्हापासून त्या वाडीत कोणी आपले मडके आपल्या गालाला लावीत नसे. शेजाऱ्याचे लावी.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा विहारात सांगितली, त्याला कारण घडले होते. तिथे वंगक नावाचा एक वृद्ध भिक्षू होता. धर्मोपदेश चालू असताना तो सभेच्या मागे, शास्त्यांकडे पाठ करून बसत असे. रेवल नावाच्या तरुण भिक्षूला हे सहन होईना. चार जणांना घेऊन तो शास्त्यांकडे आला आणि म्हणाला, “भन्ते, वंगकाला आपल्याविषयी आदर नाही. त्याला सभेत बसू देऊ नये.” शास्त्यांनी त्याला बसायला सांगितले आणि ही पूर्वजन्मीची हकिकत ऐकवली.

ती संपल्यावर शास्ते म्हणाले, “भिक्षूंनो, त्या जन्मीचा पिंगळ म्हणजे हा वंगक. वाडीतली माणसे म्हणजे तुम्ही सारे. खेमक मीच होतो. आणि रेवल, त्या वेळची उत्पला तू होतास. सर्वांत मोठ्याने दोष देणारी तीच होती, आणि सर्वांत आधी हात पुढे करणारीही तीच. दुसऱ्याचे वागणे तोलण्याआधी त्याच्या दुःखाजवळ जाऊन बसणे, कारण कळले नसले तरी बसणे, याचे नाव करुणा.”

वंगक पाठ करून का बसतो, हे शास्त्यांनी सांगितले नाही. रेवलानेही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी उपदेशाची वेळ झाली, तेव्हा त्याने आपले आसन उचलले, सभेच्या अगदी मागे नेले आणि वंगकाच्या शेजारी, त्याच्यासारखीच शास्त्यांकडे पाठ येईल असे घातले. वंगकाने त्याच्याकडे बघितले, आणि तो त्याला जागा देण्यासाठी थोडा सरकला.